स्टीमबोट जागा झाला तेव्हा: नॉरिस खोऱ्यातील एका गायझरचे प्रकरण

या प्रकरणातील जागा, तारखा आणि मोजमापे खरी आहेत. उद्यानातले कर्मचारी, संशोधक आणि प्रवासी यांची नावे मात्र मुद्दाम वगळली आहेत, कारण येथे पाहायचे आहे ते एवढेच की, सुमारे साडेतीन वर्षे शांत असलेला स्टीमबोट हा जगातील सर्वांत उंच गायझर (अधूनमधून गरम पाणी आणि वाफ वर फेकणारा झरा) एका पहाटे अचानक उसळला आणि नंतर थांबेचना, तेव्हा त्याच्या वागण्याचा अर्थ कसा लावला गेला, कोणते पर्याय समोर होते आणि कुठे थोडे वेगळे करता आले असते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान १८७२ साली स्थापन झाले. जगातल्या जिवंत गायझरांपैकी साधारण निम्मे या एका उद्यानात आहेत. उद्यानाच्या वायव्य भागातील नॉरिस हे खोरे त्यातले सर्वांत तापलेले. येथे शास्त्रज्ञांनी घेतलेल्या एका विंधनविहिरीत अवघ्या ३२६ मीटर खोलीवर २३७ अंश सेल्सिअस तापमान आढळले होते. यलोस्टोनच्या प्रचंड ज्वालामुखी कुंडाच्या कडेच्या किंचित बाहेर, जमिनीतल्या अनेक भेगा जिथे एकमेकींना छेदतात अशा ठिकाणी हे खोरे वसलेले आहे. त्यामुळे तिथे काहीच फार काळ एकसारखे राहत नाही. जवळजवळ दरवर्षी, बहुधा उन्हाळ्याच्या शेवटी किंवा शरदात, खोऱ्यातली अनेक कुंडे एकाच वेळी गढूळ होतात, काही उकळू लागतात, काही आटतात, आणि काही दिवसांनी बरेचसे पूर्ववत होते.

आपण न्हाणीघरातल्या यंत्राला गीझर म्हणतो, ते नाव आइसलँडमधील ‘गेसिर’ नावाच्या एका उसळत्या झऱ्यावरून जगभर गेलेले आहे. आपल्या कोकणातही वज्रेश्वरी, तुरळ, उन्हवरे येथे गरम पाण्याची कुंडे आहेत, पण त्यांतले पाणी शांतपणे वर येते. खडकांतल्या भेगांतून खोल मुरलेले पाणी पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि वाहून जाते, एवढाच तो व्यवहार आहे. गायझरला याशिवाय आणखी दोन गोष्टी लागतात. जमिनीखाली फार दूर नसलेला, सतत उष्णता पुरवणारा ज्वालामुखीचा साठा हवा, आणि पाणी साठून राहील पण सहज सुटून जाणार नाही अशी अरुंद, चिवट नळी हवी. त्या पाण्यात विरघळलेली सिलिका (वाळूत असते ते खनिज) नळीच्या भिंतींवर थर देत जाते, त्यामुळे नळी दाब सोसते.

प्रेशर कुकर रोज वापरणाऱ्याला पुढचे सांगायला नको. नॉरिस समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे उघड्यावर तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते. पण शंभर मीटर खोलीवर वरच्या पाण्याचे ओझे इतके असते की तेच पाणी सुमारे १८० अंशांपर्यंत न उकळता राहते. वरचे थोडे पाणी ओसंडून गेले की ओझे हलके होते, खालचे पाणी एकदम वाफ होऊ लागते, ती वाफ आणखी पाणी वर ढकलते, ओझे आणखी कमी होते, आणि बघता बघता सगळी नळी रिकामी होते.

स्टीमबोट हा नॉरिसमधला असा गायझर आहे. त्याला काही मीटर अंतरावर दोन तोंडे आहेत, उत्तरेकडचे मोठे आणि दक्षिणेकडचे लहान. एरवी त्यातून तीन ते बारा मीटर उंचीच्या उसळ्या येत राहतात. मोठा उद्रेक झाला तर पाणी ९० मीटरच्याही वर जाते, म्हणजे जवळजवळ तीस मजली इमारतीइतके. त्याचा स्वभाव मात्र अत्यंत लहरी आहे. १९११ नंतर पन्नास वर्षे तो गप्प होता. १९६४ मध्ये एकाच वर्षात त्याने २९ उद्रेक केले. १९८२ मध्ये २३ झाले. त्यानंतर काही वर्षांत तो पुन्हा मंदावला. ऑक्टोबर १९९१ ते मे २००० या काळात एकही मोठा उद्रेक झाला नाही. ३ सप्टेंबर २०१४ रोजी एकदा उसळला आणि पुन्हा शांत झाला.

घटना

१५ मार्च २०१८ रोजी पहाटे तो उसळला. त्या दिवसांत उद्यानातले आतले रस्ते बर्फाने वेढलेले असतात आणि प्रवासी जवळजवळ नसतात. त्यामुळे उद्रेक झाल्याची खात्री करायला माणसांच्या डोळ्यांइतकाच आधार यंत्रांचा होता: खोऱ्यातला भूकंपमापक, गायझरच्या वाहत्या ओहळातला तापमान नोंदवणारा संवेदक, आणि नॉरिसचे सगळे पाणी वाहून नेणाऱ्या टँटलस ओढ्यावरचा प्रवाहमापक. तोवर यात विशेष काही नव्हते. स्टीमबोट अधूनमधून एकदा उसळून गप्प होतो, हे सर्वांना ठाऊक होते.

नंतर १९ एप्रिलला तो पुन्हा उसळला आणि २७ एप्रिलला तिसऱ्यांदा. आठ दिवसांच्या अंतराने दोन मोठे उद्रेक हे १९८० च्या दशकानंतर पाहिलेले नव्हते. मे उजाडला तेव्हा प्रश्न बदललेला होता. आता हा एक सुटा उद्रेक नव्हता, क्रम सुरू झाला होता. २०१८ संपेपर्यंत ३२ उद्रेक झाले आणि १९६४ चा उच्चांक मोडला गेला.

बाहेरून ‘पाणी उडाले’ इतकेच कळते, म्हणून जवळून हे कसे दिसते ते सांगितले पाहिजे. पाहणारे लोक गायझरच्या समोरच्या लाकडी मंचांवर तासन्तास, कधी दिवसभर उभे असतात. दोन्ही तोंडांतून उसळ्या येतात, थांबतात, पुन्हा येतात, आणि प्रत्येक वेळी वाटते की आता होणार. मग एखादी उसळी थांबत नाही. ती वर चढत राहते, दक्षिणेकडचे तोंडही जोराने साथ देऊ लागते, आणि काही क्षणांत पाण्याचा खांब झाडांच्या शेंड्यांच्या कितीतरी वर गेलेला असतो. पाण्याची ही अवस्था काही मिनिटांपासून अर्ध्यापाऊण तासापर्यंत टिकते. मग पाणी संपते आणि वाफ सुरू होते. तिचा आवाज इतका मोठा असतो की शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागते, आणि ही गर्जना कित्येक तास चालते. वारा त्या दिशेने असला तर तुषार वाहनतळापर्यंत पोचतात आणि वाळल्यावर गाड्यांच्या काचांवर, चष्म्यांवर, कॅमेऱ्यांच्या भिंगांवर सिलिकाचा पांढरा थर धरतो, जो नंतर सहज निघत नाही.

स्टीमबोटपासून उतारावर साधारण शंभर मीटरवर सिस्टर्न नावाचे निळसर-हिरवे कुंड आहे. एरवी ते काठोकाठ भरून वाहत असते. स्टीमबोटचा मोठा उद्रेक झाला की त्यानंतर त्यातले पाणी खाली खाली जाते, कुंड रिकामे पडते आणि काही दिवसांत पुन्हा भरते. या कुंडातले पाणी दरवर्षी जवळजवळ अर्धा इंच सिलिकाचा राखाडी थर टाकते, आणि त्या पाण्याखाली आलेली आसपासची पाइनची झाडे उभ्या उभ्या मेलेली आहेत. नकाशावर दोन वेगळे ठिपके असलेल्या या जागा जमिनीखाली कुठेतरी एकमेकींना जाणतात, एवढे त्या रिकाम्या कुंडाकडे पाहून कोणालाही कळेल.

समस्या

प्रश्न वरवर एकच दिसत होता, पण प्रत्यक्षात तीन होते आणि ते एकमेकांत गुंतलेले होते. पहिला: हे कशामुळे होत आहे? दुसरा: यामुळे त्या मंचांवर उभ्या असलेल्या लोकांना धोका आहे का? तिसरा: लोकांना काय सांगायचे?

यलोस्टोनच्या खाली एक मोठा ज्वालामुखी आहे हे जगभर माहीत आहे. त्याचा शेवटचा महाउद्रेक सुमारे ६,३०,००० वर्षांपूर्वीचा आणि लाव्हारस वाहिल्याची शेवटची घटना सुमारे ७०,००० वर्षांपूर्वीची आहे. तरीही ‘जगातला सर्वांत उंच गायझर जागा झाला’ या एका वाक्यावरून ‘ज्वालामुखी जागा होत आहे’ या वाक्यावर उडी मारायला फार वेळ लागत नाही.

त्या उडीला थोडा आधारही होता, हे मान्य केले पाहिजे. २०१३ च्या अखेरीस नॉरिसची जमीन वर उचलली जाऊ लागली होती. ३० मार्च २०१४ रोजी तिथे ४.८ तीव्रतेचा भूकंप झाला, त्यानंतर जमीन खाली बसू लागली, आणि २०१६ पासून पुन्हा काही इंचांनी वर आली. म्हणजे स्टीमबोट जागा झाला तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन खरोखरच हलत होती.

धोक्याच्या बाबतीत नॉरिसचा स्वतःचा इतिहास आहे. ५ सप्टेंबर १९८९ रोजी येथलाच पोर्कचॉप हा गायझर एकाएकी फुटला आणि त्याच्या भोवतीच्या खडकाचे तुकडे ६६ मीटरपर्यंत उडाले. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. २००३ च्या उन्हाळ्यात खोऱ्याच्या मागच्या भागातली जमीन इतकी तापली, नवी वाफेची तोंडे अशी उघडली आणि पोर्कचॉपचे पाणी असे पुन्हा तापले, की २३ जुलैला तिथली पायवाट बंद करावी लागली. त्याच वर्षी स्टीमबोटनेही तीन मोठे उद्रेक केले होते. न्यूझीलंडमधला वाइमांगू हा आता बंद पडलेला गायझर तर स्टीमबोटहून कितीतरी उंच, ४६० मीटरपर्यंत उडत असे, आणि १९०३ मध्ये त्याने चार माणसांचा बळी घेतला होता. गायझर केवळ देखावा नसतो, हे या तिन्ही उदाहरणांत स्पष्ट आहे.

विचारात घेण्याजोगे पर्याय

पहिला पर्याय २००३ चा कित्ता गिरवण्याचा: मंच आणि वाट बंद करायची, आणि क्रम थांबेपर्यंत उघडायची नाही. यात सुरक्षितता होती. पण २००३ मध्ये बंदीमागे प्रत्यक्ष मोजलेली कारणे होती, वाटेखालची जमीन उकळत्या पाण्याइतकी तापलेली होती. २०१८ मध्ये वाटेखाली तसे काही दिसत नव्हते. फक्त एक गायझर, जो मुळात उसळण्यासाठीच प्रसिद्ध आहे, वरचेवर उसळत होता. शिवाय वाट बंद केली की काही लोक वाट सोडून जातात. जून २०१६ मध्ये नॉरिसमध्येच लाकडी वाट सोडून गेलेल्या एका तरुणाचा उकळत्या झऱ्यात पडून मृत्यू झाला होता. तिथल्या जमिनीचे कवच दिसते घट्ट आणि असते पातळ. म्हणून वाट उघडी ठेवून लोकांना तिच्यावरच थांबवणे हाही एक सुरक्षेचाच उपाय ठरतो.

दुसरा पर्याय वाट उघडी ठेवायची, मोजमापे वाढवायची, आणि जमीन तापणे, नवी तोंडे उघडणे, कुंडांचा रंग-पातळी बदलणे यांपैकी काही दिसले तर लगेच बंद करायची असा होता. यासाठी मनुष्यबळ आणि सतत लक्ष लागते. यात हेही गृहीत आहे की धोका आधी काही खुणा दाखवेल. ते गृहीत नेहमी खरे ठरत नाही, आणि माझ्या मते या पर्यायाची खरी कमजोर बाजू हीच आहे.

तिसरा पर्याय प्रवाशांच्या मागणीतून पुढे येतो: याच उद्यानातल्या ओल्ड फेथफुल या नियमित उसळणाऱ्या गायझरप्रमाणे वेळा जाहीर करायच्या. ओल्ड फेथफुल सरासरी दीड तासाने उसळतो, आणि आधीचा उद्रेक लांबला असेल तर पुढचा उशिरा येतो, त्यामुळे त्याची वेळ दहा मिनिटे पुढेमागे धरून सांगता येते. स्टीमबोटला असा नियम लागू आहे की नाही हे २०१८ च्या वसंतात कोणाला सांगता आले नसते. अंदाज दिला असता आणि चुकला असता, तर पुढच्या वेळी खऱ्या इशाऱ्यावरही लोकांचा विश्वास बसला नसता.

केलेली कार्यवाही

निवड दुसऱ्या पर्यायाची झाली. स्टीमबोटसमोरचे मंच लोकांसाठी उघडे राहिले. यलोस्टोन ज्वालामुखी वेधशाळेने ज्वालामुखीच्या इशाऱ्याची पातळी ‘सामान्य’, म्हणजे हिरवीच ठेवली, आणि गायझरचे उद्रेक हे ज्वालामुखीच्या उद्रेकाचे लक्षण नाही हे वारंवार, साध्या शब्दांत सांगितले. स्टीमबोटच्या वेळांचा अंदाज देण्याचे टाळले गेले.

याउलट, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ओल्ड फेथफुलच्या परिसरात दुसरी घटना घडली. तिथला इअर स्प्रिंग हा झरा बऱ्याच वर्षांनी मोठा उसळला आणि त्याने लोकांनी अनेक दशकांत आत टाकलेली नाणी, कचरा, अगदी १९३० च्या दशकातली बाळाची चोखणीही बाहेर फेकली. जवळच लाकडी वाटेखाली नवे तोंड उघडले, तेव्हा तो वाटेचा तुकडा ताबडतोब बंद करण्यात आला. दोन्ही निर्णय शेजारी ठेवले की निकष स्पष्ट होतो: उद्रेक किती मोठा आहे यापेक्षा तो माणसांच्या पायाखाली काय बदलतो, हे पाहिले जात होते.

मोजमापांच्या बाजूने युटा विद्यापीठाच्या भूकंपतज्ज्ञांनी स्टीमबोट आणि सिस्टर्नच्या भोवती छोट्या, हलवता येणाऱ्या भूकंपमापकांची जाळी पसरली. नळीत बुडबुडे फुटताना जमीन अगदी बारीक थरथरते. ती थरथर अनेक ठिकाणी एकाच वेळी नोंदवली, तर ती कुठून येते हे काढता येते, आणि उद्रेकाच्या आधी-नंतर ती जागा सरकत गेली की नळीचा आकार उलगडत जातो. या कामातून स्टीमबोटची नळी किमान १२० मीटर आणि सिस्टर्नची सुमारे १४० मीटर खोलीपर्यंत दिसली. दोन्ही एका मोठ्या, उघड्या नळीने जोडलेली असतील ही कल्पना निदान तेवढ्या खोलीपर्यंत तरी टिकली नाही. संबंध आहे हे रिकामे होणारे कुंड दाखवते, पण तो बारीक भेगांतून आणि सच्छिद्र खडकातून असावा.

परिणाम

२०१९ मध्ये ४८ उद्रेक झाले आणि २०२० मध्येही ४८. जून २०१९ मध्ये दोन उद्रेकांत तीन दिवस आणि चार तासांहूनही थोडे कमी अंतर होते, तर दुसऱ्या टोकाला हेच अंतर ३५ दिवसांवर गेले. या क्रमात स्टीमबोटच्या मंचांवर पोर्कचॉपसारखा स्फोट झाला नाही.

कारणाच्या शोधाचे फलित २०२१ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. संशोधकांनी जमिनीची उचल, भूकंप, उष्णता, पाऊस, बर्फ वितळणे असे सगळे तपासले. स्टीमबोटच्या आधी जमीन उचलली गेली होती, परिसरातले भूकंप वाढले होते आणि पृष्ठभागाचे तापमान किंचित वाढले होते, हे खरे होते. पण खालच्या गरम पाण्याच्या साठ्याचे तापमान बदललेले नव्हते, खोऱ्यातला दुसरा एकही झोपलेला गायझर जागा झाला नव्हता, आणि पूर्वी याहून मोठी भूकंपीय हालचाल होऊनही स्टीमबोट उठला नव्हता. म्हणून कारण संदिग्धच राहते, असे त्यांनी लिहिले. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत कठीण आणि सर्वांत प्रामाणिक निर्णय हा होता. जमीन उचलली गेली आणि गायझर जागा झाला, अशी सोपी साखळी हाताशी असताना ती न जोडणे याला धैर्य लागते.

दोन गोष्टी मात्र पक्क्या झाल्या. उन्हाळ्यात दोन उद्रेकांमधले अंतर कमी होते आणि थंडीत वाढते. आणि जगातल्या इतर गायझरांशी तुलना केली असता, ज्याचे पाणी जास्त खोल साठते तो जास्त उंच उडतो असे दिसले. स्टीमबोट उंच आहे तो त्यामुळे. अंतर आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे प्रमाण यांचा मेळ लागला नाही, म्हणजे ओल्ड फेथफुलसारखे वेळापत्रक न देण्याचा निर्णयही योग्यच होता.

काय वेगळे करता आले असते

दाट जाळी पसरली गेली ती उद्रेक सुरू झाल्यानंतर. सप्टेंबर २०१४ ते मार्च २०१८ या काळात नळीत काय चालले होते, तिथली थरथर कुठून येत होती, सिस्टर्न कसे वागत होते, याची तितकी बारीक नोंद नाही. ‘काय बदलले’ या प्रश्नाचे उत्तर द्यायला ‘आधी काय होते’ हे लागते, आणि तेच कमी होते. झोपलेल्या गायझरवर कोणी पैसा आणि माणसे खर्च करत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण कारण संदिग्ध राहण्यामागे स्टीमबोटच्या गुंतागुंतीइतकाच या उणिवेचाही वाटा आहे, असे मला वाटते.

दुसरी उणीव स्फोटाच्या धोक्याची. ‘खुणा दिसल्या तर बंद करू’ या धोरणाची मर्यादा पुढे दुसऱ्या ठिकाणी उघडी पडली. २३ जुलै २०२४ रोजी उद्यानातल्याच बिस्किट बेसिन या दुसऱ्या खोऱ्यातले ब्लॅक डायमंड कुंड सकाळी लोक वाटेवर असताना फुटले, लाकडी वाट मोडली आणि लोक धावत सुटले. कोणी जखमी झाले नाही, पण आधी सांगण्याजोगी खूण मिळालेली नव्हती. नॉरिसमध्ये २०२३ साली नवे वेधस्थानक बसवण्यात आले होते. माणसाला ऐकू न येणाऱ्या खालच्या पट्टीतल्या आवाजाचे मापक तिथे आहेत, आणि १५ एप्रिल २०२४ रोजी पोर्सिलेन टेरेस भागात झालेला एक छोटा स्फोट त्यांनी पकडला. कोणाच्या डोळ्यांनी पाहिला नसता असा तो स्फोट होता. तसे स्थानक बिस्किट बेसिनमध्ये नव्हते. २०१८ मध्ये लोकांचे लक्ष आणि कुतूहल स्टीमबोटवर खिळलेले असताना, अशी यंत्रणा प्रवासी दाटीने उभे राहणाऱ्या सगळ्या खोऱ्यांत बसवण्याची मागणी अधिक जोराने पुढे नेता आली असती.

स्टीमबोट आता पुन्हा मंदावत आहे. २०२१ मध्ये २० उद्रेक झाले, २०२२ मध्ये ११, २०२३ मध्ये ९ आणि २०२४ मध्ये ६. प्रत्येक उद्रेकानंतर सिस्टर्न अजूनही रिकामे होते आणि भरते, आणि या वेळी लांबत जाणाऱ्या शांततेचीही नोंद नॉरिसमधल्या नव्या स्थानकात उतरत आहे.